सरोवरकाठच्या खड्याची ओळख

उत्तर अमेरिकेतील ईरी सरोवराच्या वाळूत नखाएवढे, हस्तिदंतासारखे गुळगुळीत पांढरे खडे सापडतात. त्यांच्या एका बाजूस इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी खाच असते. ‘एल’ म्हणजे ‘लक’, अर्थात नशीब, असे मानून तेथील लोक त्यांना ‘लकी स्टोन’ म्हणतात व जवळ बाळगतात. आपण मात्र नावापाशी न थांबता त्या वस्तूचेच निरीक्षण करू या.

खाच कोणी कोरली असेल काय? पुष्कळ खडे शेजारी मांडले, की काहींवरील खाच सरळ ‘एल’सारखी, तर काहींवरील तिच्या आरशातील प्रतिबिंबासारखी दिसते. अशी डावी-उजवी जोडी सजीवांच्या शरीरात असते. खडा कापला, तर आत झाडाच्या खोडासारखी वर्तुळे आढळतात. म्हणजे तो थराथराने वाढलेला आहे. आम्ल टाकल्यास तो फसफसतो, कारण तो शिंपल्याप्रमाणे कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असतो.

हा माशाच्या कानातील खडा, म्हणजेच कर्णाश्म होय. ऐकण्यास व तोल सांभाळण्यास तो माशाला साहाय्य करतो. खाचेच्या आकारावरून माशाची जातही कळते: हा ‘फ्रेशवॉटर ड्रम’ मासा. मासा मरून कुजला, तरी खडा टिकतो. त्यातील वर्तुळे मोजून अभ्यासक माशाचे वय ठरवतात. मिनेसोटातील रेड लेक्स येथील एका ड्रम माशाचे वय ७२ वर्षे भरले.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या गावच्या तळ्याकाठी अनोळखी वस्तू आढळली, तर प्रथम तिचा आकार व खुणा वहीत नोंदवाव्यात, तिच्यासारख्या आणखी वस्तू शोधून ताडून पाहाव्यात, आणि मगच तिला नाव द्यावे.