ताप उतरला, तरी दम का लागतो?

पावसाळ्यात अँटॉप हिलच्या वस्त्यांत घरोघरी तापाचे रुग्ण असतात. ताप उतरला की माणूस लगेच कामावर जातो, कारण खाडा केला तर रोज बुडतो. पण काही थोड्या जणांना नंतर जिना चढताना दम लागतो, छाती धडधडते. हा नुसता अशक्तपणा समजू नये. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असू शकते. डॉक्टर तिला मायोकार्डायटिस म्हणतात. कॉक्सॅकी, फ्लू, कोविड, डेंग्यू अशा अनेक विषाणूंनी ती येते.

विषाणू हृदयाच्या पेशीत शिरला की शरीर इंटरफेरॉन सोडते. त्याने शेजारच्या पेशी सावध होतात. मग पांढऱ्या पेशी येतात आणि लागण झालेल्या पेशी मारतात. विषाणू आटोक्यात येतो आणि बहुतेक रुग्ण बरे होतात. मात्र हृदयाच्या मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी सहसा येत नाहीत, तिथे व्रण राहतो. काहींमध्ये विषाणू गेल्यावरही ही लढाई थांबत नाही. प्रतिकारशक्ती हृदयाच्याच स्नायूला परके समजते. मग हृदय फुगते आणि रक्त ढकलण्याची त्याची ताकद कमी होते.

म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडली तर विषाणू पसरतो, अति झाली तर हृदयच भाजते. म्हणून ‘इम्युनिटी वाढवणारी’ महाग पावडर हा यावरचा इलाज नाही. उलट ती दाबणारी औषधे सरसकट देऊनही भागत नाही. अमेरिकेत 111 रुग्णांवर झालेल्या चाचणीत अशा औषधांनी हृदयाचे काम जास्त सुधारले नाही, असे 1995 मध्ये प्रसिद्ध झाले. काही विशिष्ट प्रकारांत स्टिरॉइड लागते, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचे.

आपण काय करावे?

ताप असताना ओझे उचलणे, धावणे, क्रिकेट खेळणे बंद ठेवावे. उंदरांवरील प्रयोगांत लागण झालेली असताना जोराचे श्रम करायला लावल्यावर हृदयात विषाणू जास्त वाढलेला दिसला.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

छातीत दुखणे, आडवे पडल्यावर दम लागणे, पायांना सूज, चक्कर किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही झाले तर थांबू नये. बाळ दूध पीत नसेल, भरभर श्वास घेत असेल, हातपाय गार पडले असतील तरीही नाही. 108 ला फोन करावा किंवा सरळ शीव रुग्णालय गाठावे. ‘आठवड्यापूर्वी ताप येऊन गेला’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ईसीजी, ट्रोपोनिनची रक्ततपासणी आणि टूडी इको यांतून निदानाला मदत होते.

हा आजार ठरला तर साधारण तीन ते सहा महिने जड काम व खेळ बंद ठेवावे लागतात. हातावर पोट असलेल्या घराला हे फार अवघड आहे. म्हणून डॉक्टरांकडून लेखी दाखला घ्यावा, मालकाकडे हलके काम मागावे, आणि शेजाऱ्यांनी त्या घराला आधार द्यावा. घरी बसलेला तो माणूस आळशी नाही, त्याचे हृदय भरून येत आहे.