मधुमेह आणि मनावरील भार

साखर वाढली की रुग्णाला दोष देणे सोपे असते. रोजचे पथ्य, गोळ्या वा इन्सुलिन सांभाळताना मनावर येणारा ताण मात्र रक्ततपासणीत उमटत नाही. तो मोजण्यासाठी अमेरिकेतील बॉस्टनच्या जोसलिन मधुमेह केंद्रातील संशोधकांनी १९९५ मध्ये ‘पेड’ ही प्रश्नावली प्रसिद्ध केली; तिच्या प्रचलित रूपात २० प्रश्न आहेत. पथ्य मोडल्याची अपराधी भावना, भावी गुंतागुंतीची धास्ती, घरच्यांची साथ नसणे अशा प्रत्येक बाबीस रुग्ण ० ते ४ गुण देतो. बेरजेला १.२५ ने गुणले की १०० पैकी गुण मिळतात. ४० वा अधिक गुण तीव्र मनस्ताप दर्शवितात. नैराश्याचे निदान मात्र त्यावरून होत नाही. शिवाय एकूण गुण कमी असूनही एखाद्याच प्रश्नाला ४ गुण दिलेले आढळतात. डॉक्टरांनी बोलण्यास तेथूनच प्रारंभ करणे इष्ट होय.