केंद्र बंद झाल्यावर काय करावे?

आमच्या तेरखेड्यात महामार्ग अडला की वाहने आडवाटेने निघतात. बुद्धिबळातही केंद्र बंद झाले की लढाई बाजूंनी करावी लागते.

'किंग्ज इंडियन' बचाव हे याचे उत्तम उदाहरण. १८५० च्या दशकात कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रन यांच्याविरुद्ध याच धर्तीचे बचाव खेळत.

यात पांढऱ्याची प्यादी ई४ व डी५ वर, तर काळ्याची डी६ व ई५ वर समोरासमोर अडकतात. प्याद्यांची साखळी तोडायची तर घाव बुडाशी घालावा. म्हणून पांढरा सी५ खेळून डी६ वर, म्हणजे वजिराच्या बाजूने चालून जातो. काळा एफ५ खेळून ई४ वर, म्हणजे राजाच्या बाजूने उठतो. परंतु एफ६ वरचा घोडा प्याद्याची वाट अडवतो. त्याला आधी हलवावे, अनेकदा डी७ वर मागे घ्यावे लागते. केंद्र बंद असल्याने तेवढी सवड मिळते.

आम्ही सुरुवातीला घोडा मागे घेणे भित्रेपणा समजत होतो व कित्येक डाव हरलो. मागे घेतलेले प्रत्येक पाऊल माघार नसते, हे आम्हाला उशिरा उमगले. तुम्ही आजच पट मांडून पाहा.