थंडीतली काटकसर : वाचलेला पैसा जातो कुठे?

॥ श्रीराम जय राम जय जय राम ॥



मार्गशीर्ष लागला की आपल्या घरांत पहाटेची लगबग वाढते. वद्य दशमीला श्रीमहाराजांची पुण्यतिथी. त्याआधीचे दहा दिवस काकड आरती, जप, नैवेद्य. पहाटे साडेचारला गीझर सुरू होतो आणि घरातल्या शेवटच्या माणसाची आंघोळ होईपर्यंत बंद करायचं कुणाच्या लक्षातच राहत नाही. म्हणून या वेळचा पाठ प्रपंचातला आहे : हैदराबादच्या थंडीत घर काटकसरीनं कसं चालवावं, आणि काटकसर कुठे थांबवावी.

*आधी आमची चूक*

मागच्या डिसेंबरात आम्ही घरात ठरवलं, करंट बिल 200 युनिटच्या आत ठेवायचं. भिंतीवर कागद लावला, रोज मीटर बघायचं. सगळ्यांना उत्साह होता. पंधराएक दिवसांनी आईंना खोकला सुरू झाला. खोदून विचारल्यावर कळलं, आठवडाभर त्या गार पाण्यानंच आंघोळ करत होत्या. "तुमचा आकडा बिघडायला नको, म्हणून," म्हणाल्या. आकडा राहिला 200 च्या आत, पण वाचलं त्यापेक्षा जास्त डॉक्टर आणि औषधांना गेलं. पैशाचं सोडा, आम्हाला लाज वाटली ती वेगळीच. घरात चार जण काटकसर करत होतो आणि तिचा भार उचलत होतं एकच माणूस, जे कधी तक्रार करत नाही.

त्या दिवशी आम्ही एक नियम केला, तोच या पाठाचा गाभा. *वाया जाणारं थांबवणं ही काटकसर. गरजेचं तोडणं हा कंजूषपणा.* आणि काटकसर बोलून, सगळ्यांनी मिळून करायची.

*200 चा आकडा एवढा का महत्त्वाचा?*

तेलंगणात 2022 पासूनच्या घरगुती दरांचा हिशोब असा. महिन्याला 100 ते 200 युनिट वापर असेल, तर पहिल्या 100 ला 3 रुपये 40 पैसे आणि पुढच्या 100 ला 4 रुपये 80 पैसे दर. म्हणजे 200 युनिटचे 820 रुपये. पण 200 ओलांडले की पहिले 200 युनिटसुद्धा 5 रुपये 10 पैशांनी धरतात आणि त्यावर 300 पर्यंतच्या प्रत्येक युनिटला 7 रुपये 70 पैसे लागतात. 203 युनिट झाले, तर 1043 रुपये. तीन युनिट जास्त आणि सव्वादोनशे रुपये जास्त! स्थिर आकार वगैरे वेगळेच. ज्या घरांना मार्च 2024 पासून गृहज्योतीची सवलत आहे, त्यांना तर 200 पार झाले की त्या महिन्याचं पूर्ण बिल भरावं लागतं. आपलं बिल कुठल्या गटात बसतं, ते बिलावर एकदा नीट पाहा.

*गरम पाणी : थंडीचा मोठा खर्च*

पंखा, कूलर, एसी सगळं बंद असूनही बिल का येतं? गीझरमुळे. 2000 वॅटचा गीझर अर्धा तास पेटता राहिला की एक युनिट. 1500 वॅटची रॉड चाळीस मिनिटांत एक युनिट घेते. वीस लिटरची बादली आंघोळीपुरती गरम करायला साधारण अर्ध्या युनिटापेक्षा थोडी कमी वीज पुरते. म्हणजे चार माणसांच्या घराला महिन्याला पन्नासएक युनिट पुरेत. त्यावर जाते ती आपली सवय. आम्ही केलेले बदल :

– आंघोळी एकापाठोपाठ एक. मध्ये तास-दीड तास गेला की पाणी निवतं आणि गीझर परत पेटतो.
– गीझरचं बटण पन्नास अंशांवर. कढत पाणी करून त्यात गार ओतण्यात फायदा नाही.
– शॉवरऐवजी बादली.
– सुट्टीच्या दिवशी आंघोळ दुपारी. उन्हानं टाकीतलं पाणी कोमट झालेलं असतं.
– आई आणि लहान मुलांच्या पाण्यात काटकसर *नाही*.

रॉड वापरणाऱ्यांनी बटण बंद करून, पिन काढूनच पाण्याला हात लावावा. मुलं आसपास असतील तर रॉड नकोच.

*स्वयंपाकघर आणि बाजार*

डाळ-कडधान्य रात्री भिजवलं की गॅस कमी लागतो. भांड्यावर झाकण, शिट्टी झाली की आच बारीक. खोबरेल तेल गोठलं तर बाटली उन्हात ठेवा, गॅसवर पाणी तापवायची गरज नाही. दही लागत नसेल तर भांडं जुन्या शालीत गुंडाळा.

थंडीत भाजी भरपूर आणि स्वस्त असते. टोमॅटो, फ्लॉवर, गाजर, मटार, मेथी आणि आपल्याकडे चिक्कुडु म्हणतात त्या वालाच्या शेंगा. 1999 पासून चालत आलेल्या रैतू बाजारात दराचा फलक लावलेला असतो. आधी तो वाचावा, मग पिशवी उघडावी. स्वस्त आहे म्हणून पाच किलो आणून दोन किलो सडवणं ही बचत नव्हे. टोमॅटो फार झाले तर शेजारच्या तेलुगू काकूंना विचारा, महिनोन्‌महिने टिकणारं लोणचं त्या शिकवतील.

*नुमाइश आणि वाण*

1 जानेवारीला नामपल्लीला नुमाइश सुरू होते. 1938 पासूनची आपल्या शहराची ही हौस, मुलांना जरूर न्यावं. पण घरून कपाट उघडून निघावं. किती स्वेटर आहेत, किती शाली आहेत, ते बघून यादी करावी आणि पैसे मोजून घ्यावेत. मुलांच्या हातात प्रत्येकी ठरावीक रक्कम द्या. स्वतःचे पैसे असले की तीच मुलं दहा दुकानं फिरून भाव विचारतात.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण हा नाजूक विषय. "तिनं स्टीलचा डबा दिला, मग आपण काय द्यायचं?" या विचारानं काही घरांत उसनवारी होते, हे आपण सगळे जाणतो. वाण लुटायचं असतं, त्यात स्पर्धा कशाला? निजामाबादच्या हळदीची पुडी, मूठभर तीळ आणि गुळाचा खडा, मेथी-कोथिंबिरीचं बी, यातलं काहीही चालेल. आपल्या गटातल्या भगिनींनी एकत्र ठरवलं तर एकटीवर दडपण येणार नाही.

*वाचलेला पैसा*

खरा प्रश्न इथे आहे. वाचवलेले पाचशे रुपये वेगळे काढले नाहीत, तर ते कुठे गेले तेही कळत नाही. आम्ही मे महिन्याचं बिल आणि जानेवारीचं बिल शेजारी ठेवतो. फरकाचे तीन वाटे करतो. पहिला उन्हाळ्याच्या बिलासाठी. दुसरा जूनमधल्या शाळेच्या खर्चासाठी, पोस्टाच्या आवर्ती ठेवीत. तिथे महिना 100 रुपयांपासून खातं उघडता येतं. तिसरा, लहान का असेना, अन्नदानाचा.

1876-77 च्या दुष्काळात श्रीमहाराजांनी गोंदवल्यात लोकांच्या हाताला काम दिलं आणि पोटाला भाकरी दिली, हे आपण चरित्रात वाचतो. गोंदवल्यात आजही येणारा माणूस प्रसाद घेतल्याशिवाय परत जात नाही. घरात राखलेलं असेल तरच वेळेला दुसऱ्याच्या पानात वाढता येतं.

*या आठवड्याचा अभ्यास*

1. रोज एकाच वेळी मीटर वाचून वहीत लिहा. हे काम मुलांना द्या.
2. रविवारी जेवताना सगळे बसा आणि विचारा, "आपल्या काटकसरीचा त्रास कुणाला होतोय का?" जे माणूस सगळ्यात कमी बोलतं, त्याला आधी विचारा.
3. घरातली एक वाया जाणारी गोष्ट शोधून थांबवा आणि गटावर कळवा.

आईंनी यंदा पहिल्याच थंडीत सांगून टाकलंय, "माझी बादली गरम पाहिजे बरं का." आम्हाला फार बरं वाटलं.

॥ जानकीजीवनस्मरण जय जय राम ॥ 🙏