उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी : पावसाळ्यात घ्यावयाची निगा



गळीत हंगाम संपला, उन्हाळी नांगरटही उरकली. मृगाच्या पावसाने रान ओले झाले, की उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर बऱ्याच ठिकाणी शेडमध्ये उभा राहतो, तो दसऱ्यालाच बाहेर निघतो. तेव्हा चावी फिरवावी, तर नुसता ‘कट्’ आवाज! टोळी फडात उतरलेली, ऊस तुटून पडलेला, आणि आपण धक्का मारायला माणसे गोळा करतो. तुटलेला ऊस वाळतो, वजन घटते, साखरही कमी होते. म्हणजे बॅटरीकडे केलेले दुर्लक्ष शेवटी वजनकाट्यावर दिसते. आमच्याही हातून ही चूक झाली आहे, म्हणून हा पाठ.

बॅटरी बसून का मरते?

बॅटरीच्या आत शिशाच्या प्लेटा आणि पाणी घातलेले गंधकाम्ल असते. १८५९ साली फ्रान्समध्ये गॅस्तों प्लाँते यांनी अशी बॅटरी तयार केली. मूळ कारभार आजही तोच आहे. काही काम नसले तरी बॅटरी आतल्या आत थोडी थोडी उतरत राहते. उतरली की प्लेटांवर शिशाच्या क्षाराचा पांढरट थर बसतो. थर ताजा असेल तर चार्जिंगने निघतो. दोन-चार महिने तसाच राहिला की कडक होतो आणि मग निघत नाही. बॅटरी गेली!

युरोपातल्या थंड मुलखात सुट्टीत फिरायच्या घरगाड्या हिवाळाभर उभ्या असतात. तिथे उतरलेल्या बॅटरीतले पाणी गोठून डबा फुटण्याची भीती. आपल्या सोयगाव भागात ती भीती नाही, पण उष्मा आहे. साधारण १० अंश तापमान वाढले की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. पत्र्याच्या शेडमध्ये काय होत असेल, ते ध्यानात घ्यावे.

उभी करण्यापूर्वी

१) इंजिन व सर्व स्विच बंद करून आधी निगेटिव्ह, म्हणजे अर्थिंगची वायर सोडावी, मग पॉझिटिव्ह. उलट केल्यास पाना बॉडीला लागून ठिणगी उडते. जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी.

२) टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा. बुचे घट्ट असावीत, सोडा आत जाऊ देऊ नये. कोरडे पुसून व्हॅसलीन लावावे.

३) प्लेटा उघड्या दिसत असतील तर त्या बुडतील इतकेच डिस्टिल्ड पाणी घालावे. पूर्ण पातळी चार्जिंगनंतर करावी, प्लेटांवर साधारण १० मिलिमीटर. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घालू नये. त्यातले क्षार बॅटरी खातात. वरून अ‍ॅसिडही ओतू नये.

४) बॅटरी पूर्ण चार्ज करावी. ८० अँपिअर-अवरची असेल तर ८ अँपिअरने, म्हणजे दहाव्या हिश्श्याने, सावकाश. जागा हवेशीर असावी. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा जवळ बिडी-काडी बिलकूल नको. अ‍ॅसिड अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर धूत धूतच दवाखाना गाठावा.

५) सावलीत, कोरड्या जागी, फळीवर, पोराबाळांच्या हाताबाहेर ठेवावी.

महिन्याची तपासणी

बैल बसून असला तरी त्याला वैरण लागतेच ना? बॅटरीचेही तसेच. तारखा ध्यानात राहत नाहीत, म्हणून सण धरा : आषाढी एकादशी, नागपंचमी, पोळा आणि घटस्थापना. या चार वेळा बॅटरी पाहावी. मीटरवर १२.६ व्होल्ट किंवा जास्त दिसले तर ठीक, १२.४ वर आली की चार्जिंगला लावावी. हायड्रोमीटरवर भरलेल्या बॅटरीचे रीडिंग साधारण १२५० ते १२८० येते; १२०० च्या खाली गेले तर वाट पाहू नये. एकाच खान्याचे रीडिंग बाकीच्यांपेक्षा फारच खाली असेल, तर तो खाना खराब समजावा. सीलबंद बॅटरी मात्र उघडू नये, नुसते व्होल्ट पाहावेत.

काही जण म्हणतात, “आम्ही आठवड्याला पाच मिनिटे ट्रॅक्टर चालू करतो की!” अहो, थोडा वेळ नुसता घुरघुरवून बॅटरी पूर्ण भरत नाही. भरवसा चार्जरचाच धरावा.

आणि बॅटरी खरोखरच गेली, तर अ‍ॅसिड बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नये; शिसे विषारी आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्यावी.

एवढे केले, तर दसऱ्याला ट्रॅक्टरला हार घालून चावी फिरवा. पहिल्या झटक्यात इंजिन बोलेल आणि आपला ऊस वेळेवर काट्यावर येईल.