टेबलावरचा सोळा-तेरा

भाचेबुवा, ताईचा फोन आला होता. म्हणे, तुम्ही आता ट्रक बांधणार, तोही जेवणाच्या टेबलावर. आनंद आहे. मग मामाचं थोडं ऐकून घे. पटलं नाही तर सोडून दे, पण चौदावं मात्र सोडू नकोस.

१. आधी शोध, मग कापाकापी कर – तयार मिळतं ते करत बसू नये आणि मिळत नाही ते शोधत म्हातारं होऊ नये.

२. परदेशी ट्रकवर मन असेल तर सोपं आहे: अमेरिकन पीटरबिल्ट एएमटीच्या १:२५ किटमध्ये मिळतो, युरोपातले व्होल्वो-स्कॅनिया इटालेरीच्या १:२४ मध्ये. फक्त एकाचं केबिन दुसऱ्याच्या चासीवर चढवू नकोस – फरक चारच टक्क्यांचा, पण तेवढ्यानेच दार चौकटीत बसत नाही.

३. आपला जुना ट्रक हवा असेल तर त्याचं आजोळ शोध. टेल्कोचे, म्हणजे टाटांचे, ट्रक १९५४ पासून जर्मनीच्या डाइमलर-बेंझबरोबरच्या करारावर निघाले, म्हणून मर्सिडीजच्या एल-३१२ घराण्यातलं छोटं मॉडेल मिळालं तर अर्धा टाटा हातात आला समज. अशोक लेलँडचा कॉमेट तसाच मूळचा विलायती, आणि डिंकीने त्याचं खेळणंही काढलं होतं – नाव सासरचं, हाडं माहेरची. जाळीवर कुठलं चिन्ह लावायचं ते मात्र साल पाहून ठरव; तो जर्मन करार १९६९ मध्ये संपला.

४. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात धातूची जुनी गाडी सापडली तर घासून रंगवायला घेऊ नकोस – टवके उडालेला का असेना, मूळ रंगालाच किंमत असते. घेण्याआधी उलटी करून बारीक तडे बघ – जस्ताच्या जुन्या ओतकामात शिसं मिसळलेलं असलं की धातू आतूनच फुटत जातो, डिंकाने थांबत नाही.

५. बाहेरून मागवायचं तर आयातकर आधी धर, किंमत नंतर – कस्टम्सच्या लेखी आपली ही नाजूक कला खेळण्यांतच मोडते. खेळण्यांवरचा कर २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाला आणि २०२३ मध्ये ७०; आजचा आकडा पाहूनच बटण दाब.

६. खेळण्यांच्या दुकानातला मागे ओढून सोडायचा ट्रकही हिणवू नकोस. त्याचं माप खोक्यात मावण्यापुरतंच असतं – पण चाकं, आरसे, दिवे कामाला येतात.

आता मुळापासून बांधायचंच ठरलं असेल, तर टाटाचा १६१३ घे. महाराष्ट्रात तो बघायला लांब जावं लागत नाही.

७. नाव नीट वाच: १६१३ म्हणजे एकूण वजन १६ टन आणि ताकद साधारण १३० अश्वशक्ती – हे कळलं की शेजारी उभ्या असलेल्या २५१५ चं माप चुकून घेणार नाहीस.

८. चाकं आधी मिळव, पट्टी नंतर हातात घे. १०.०० x २० चा टायर बाहेरून सुमारे १०५० मि.मी.; १:२४ ला तो ४४ चा होतो. तुला सापडलेलं चाक ३८ चंच असेल तर कुढू नकोस, १०५० ला ३८ ने भाग आणि अख्खा ट्रक १:२८ चा कर – हौदा घरी होतो, केबिन घरी होतं, पण गोल टायर घरी करताना भल्याभल्यांची खोड मोडते. चाकाला गाडी मिळते, गाडीला चाक मिळत नाही.

९. माप घ्यायला निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरात जा, नाहीतर जवळच्या मार्केट यार्डात, आणि चालकदादांना आधी विचार, चहा सांग – मग तेच फाळका पाडून आतलं दाखवतात. जॅकवर चढवलेल्या ट्रकखाली मात्र वाकूनही बघायचं नाही.

१०. फोटो लांब उभं राहून झूम करून काढ – जवळून मोबाईल धरला की केबिनला पोट सुटतं. पुढच्या फोटोत नंबरप्लेट येऊ दे. नवी प्लेट ३४० x २०० मि.मी. ची असते, तीच तुझी पट्टी. पण ती प्लेटच्या रेषेतल्या भागांपुरतीच, काचेपर्यंत ताणू नकोस.

११. चासीच्या दोन्ही पट्ट्या इंग्रजी सी अक्षरासारख्या, उघडी बाजू आत. जड ट्रकांत दोन्ही पट्ट्यांची मिळून बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी सर्रास ३४ इंचांच्या आसपास, म्हणजे १:२४ ला ३६ मि.मी. जोडणी काचेच्या तुकड्यावर कर – टेबल कुठेतरी वाकलेलं असतंच, आणि मग एक चाक अधांतरी राहतं.

१२. पुढच्या चाकाची डिस्क बाहेर फुगलेली, मागच्या जोडचाकाची आत खोल – डिस्क एकच, फक्त उलटी बसवलेली. जाणकार माणूस मॉडेलमध्ये पहिलं हेच बघतो.

१३. ब्लेड नवं, हात हलका, एका जागी चार-पाच वेळा फिरव – बोथट ब्लेडला जोर लागतो आणि जोराचं ब्लेड बोटाकडे पळतं.

१४. ट्रक रिकामा की भरलेला, ते स्प्रिंगचे पाटे चिकटवण्याआधी ठरव. रिकाम्या ट्रकच्या मागच्या पाट्यांना चांगली कमान असते, भरल्यावर ते जवळजवळ सपाट होतात आणि मागची चाकं हौद्याजवळ सरकतात – ऊस नंतर भरता येतो, कमान नंतर उतरवता येत नाही. उसासाठी खराट्याच्या काड्या घे. मिलिमीटरभर जाड काडी १:२४ ला बरोबर कांड्याएवढी दिसते. (खराटा आपला घे, ताईचा नको.)

१५. काचा फेव्हिकॉलने बसव, फेव्हिक्विकने नाही – त्याच्या वाफेने काचेवर पांढरी साय धरते.

१६. पावसाळी हवेत स्प्रे मारू नकोस – दमट हवेत रंग दुधाळ होतो. त्या महिन्यांत हौद्याच्या फळ्या काप.

१७. हौदा मनासारखा सजव, कोणी चूक काढणार नाही – कंपनीची चासी घेऊन हौदा गावोगावचे बॉडीवाले बांधतात, त्यामुळे दोन ट्रक सारखे नसतातच. मला विचारशील तर सगळी गंमत इथेच आहे. लिंबू-मिरची, गोंडे, काळी वेणी, होऊ दे खर्च. एवढंच बघ की नंबरची पाटी पिवळी, अक्षरं काळी, आणि कोल्हापूरचा ट्रक असेल तर एमएच ०९. मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायचं तर ट्रक २०१५ च्या आधीचा दाखव – त्या वर्षी महाराष्ट्राने त्यावर बंदी घातली.

१८. मऊ टायर प्लास्टिकच्या रिमवर थेट चढवू नकोस, आधी रिमला रंगाचा थर दे आणि तो पक्का वाळू दे – मऊ प्लास्टिकमधला तेलकट अंश झिरपून कडक प्लास्टिक खातो. शोकेसमध्येही चाकांखाली टाइलचा तुकडा ठेव, आणि कपाट उन्हाच्या खिडकीसमोर नको.