साखर एक, वाटा दोन

लठ्ठपणा आणि दातांची कीड हे विकार वरवर पाहता एकमेकांपासून फार दूरचे वाटतात. एक सर्व शरीराचा, तर दुसरा दाढेतल्या एका खड्ड्यापुरता. तरीही शाळकरी मुलांत ते पुष्कळदा सोबत आढळतात. असे का व्हावे?

दातांत काय घडते?

दातांवर सूक्ष्मजंतूंचा चिकट थर साचतो. त्यातील स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्ससारखे जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. साखर खाल्ल्यावर काही मिनिटांतच तेथील सामू घसरतो. तो सुमारे ५.५ च्या खाली गेला, की दंतवल्कातील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागते. लाळेमुळे आम्लता कमी होते व झीज काही अंशी भरून येते. पण त्यास अर्धा ते एक तास लागतो. म्हणूनच साखर किती खाल्ली याबरोबरच ती किती वेळा खाल्ली, हेही महत्त्वाचे. जेवणानंतर लागोपाठ खाल्लेल्या चार गोळ्यांपेक्षा दिवसभरात थोड्या थोड्या वेळाने चघळलेल्या चार गोळ्या दातांना अधिक घातक!

शरीरात काय घडते?

एक ग्रॅम साखरेतून ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. ३३० मिलीलिटर कोलापेयात सुमारे ३५ ग्रॅम साखर, म्हणजे १४० किलोकॅलरी असतात. पेयाने भूक फारशी भागत नाही. जेवण तेवढेच होते. खर्च न झालेली ऊर्जा चरबीच्या रूपाने साठते.

याचा अर्थ लठ्ठपणामुळे दात किडतात असा नव्हे. दोहोंचे एक कारण सामाईक आहे, इतकेच. कृश मुलांचेही दात किडतात, आणि लठ्ठ मुलाचे दात उत्तम असू शकतात.

परिस्थितीचा वाटा

इंग्लंडमध्ये शाळांतून दरवर्षी मुलांची उंची व वजन मोजतात. तेथे सर्वांत गरीब वस्त्यांत लठ्ठ मुलांचे प्रमाण सर्वांत सुखवस्तू वस्त्यांच्या दुपटीहून अधिक आढळते. दातांची कीडही गरीब वस्त्यांतच जास्त. भारतात मात्र लठ्ठपणा प्रथम शहरांतील सुखवस्तू घरांत दिसू लागला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, पाच वर्षांखालील जास्त वजनाच्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ३.४ टक्के झाले.

घरात काय शिजते, दुकानात काय स्वस्त मिळते, खेळायला मैदान आहे की नाही, हे मूल ठरवीत नाही. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून जास्त साखरेच्या पेयांवर कर बसविला, तेव्हा अनेक उत्पादकांनी पेयांतील साखरच कमी केली.

म्हणून वर्गातील लठ्ठ मुलाला ‘ढोल्या’ म्हणून चिडविणे अन्यायाचे आहे, आणि अशास्त्रीयही. चिडविलेले मूल मैदानावर येण्याचे टाळते. हालचाल आणखी घटते. दाढदुखीने झोप मोडते, आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते. अशी ही साखळी लांबत जाते.

करून पहा

एखाद्या पेयाच्या वेष्टनावर १०० मिलीलिटरमागे किती साखर आहे ते वाचा. त्यावरून पूर्ण बाटलीतील साखर काढा व तिला ४ ने भागा. साधारण तितके चमचे साखर त्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार, दिवसाला २००० किलोकॅलरी लागणाऱ्या व्यक्तीने अशी साखर ५० ग्रॅमपेक्षा कमी घ्यावी. आपली बाटली त्यातील किती वाटा उचलते?